विंडोज फॉर्म्समधला टेक्स्टबॉक्स, स्क्रोल आणि फॉर्म: बिघाड नेमका कुठे शोधायचा

विंडोज फॉर्म्स, म्हणजे विंडोजवरच्या प्रोग्रामच्या खिडक्या आणि रकाने बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी, २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलं आणि अजूनही बिलिंग, स्टॉक, नोंदणी, मशीनचं मॉनिटरिंग अशा कामांचे असंख्य प्रोग्राम त्यावरच चालतात. त्यातल्या तक्रारी पाहिल्या तर त्याच त्या असतात. लॉग खाली सरकत नाही, टाइप केलेलं उलटं उमटतं, पॅनेल मधेच उडी मारतं, सेव्ह केलं तरी शेवटच्या रकान्यातली किंमत जुनीच राहते. कोड वाचला तर सगळं बरोबर दिसतं. बहुतेक वेळा कोड बरोबर असतोही, फक्त तो चुकीच्या क्षणी चाललेला असतो.

याचं कारण कंट्रोलच्या, म्हणजे टेक्स्टबॉक्स, बटण, पॅनेल अशा खिडकीतल्या घटकांच्या, घडणीत आहे. सी शार्प किंवा व्हीबीमध्ये तुम्ही ज्याच्या प्रॉपर्टी बदलता तो डॉट नेटचा ऑब्जेक्ट, आणि त्यामागे विंडोजने दिलेली खरी खिडकी, अशी ती जोडी असते. पडद्यावर अक्षरं रेखाटणं, कॅरेट (टाइप करायची जागा दाखवणारी लुकलुकती रेघ) हलवणं, स्क्रोल करणं ही कामं मागची खिडकी करते. ती अजून जन्माला आलेली नसेल, तिच्याकडे फोकस नसेल (म्हणजे कळफलकाचं टाइपिंग तिच्याकडे जात नसेल) किंवा तुम्ही भलत्याच खिडकीला हुकूम देत असाल, तर कोड चुपचाप चालतो आणि पडद्यावर काहीच होत नाही.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी ब्रेकपॉइंट लावून तीन गोष्टी पाहा. कंट्रोलची ‘इजहँडलक्रिएटेड’ प्रॉपर्टी खरी (ट्रू) आहे का, म्हणजे मागच्या खिडकीचं हँडल, विंडोजने तिला दिलेली ओळख, तयार झालं आहे का. फॉर्मच्या ‘ॲक्टिव्हकंट्रोल’मध्ये त्या क्षणी कोण आहे. आणि जो स्क्रोलबार दिसतोय तो टेक्स्टबॉक्सचा स्वतःचा आहे, बाहेरच्या पॅनेलचा आहे, की खुद्द फॉर्मचा. तिसरी गोष्ट नजरेने कळत नसेल तर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारं स्पाय प्लस प्लस उघडा आणि त्यातली शोधायची खूण स्क्रोलबारवर नेऊन सोडा, मालक कोण ते लगेच दिसतं. (प्रॉपर्टी आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पहिली चार अक्षरं टाइप केली की एडिटर पूर्ण नाव सुचवतो.)

ओळी मोडत नाहीत, आडवा स्क्रोलबार येत नाही

फाइलमधून किंवा वेब सर्व्हिसकडून आलेला मजकूर टेक्स्टबॉक्समध्ये टाकला आणि सगळा एकाच ओळीत चिकटून आला, तर ‘मल्टीलाइन’ खरी आहे एवढं पाहून थांबू नका. टेक्स्टबॉक्स नवी ओळ ओळखतो ती कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, म्हणजे १३ आणि १० क्रमांकाची अक्षरं, अशी जोडी मिळाली तरच. लिनक्सवर तयार झालेल्या फाइलमध्ये नुसतं १० असतं. रिचटेक्स्टबॉक्स मात्र नुसत्या १० वरही ओळ मोडतो, आणि त्यातून मजकूर परत वाचला तर तुम्ही जोडी घातली असली तरी एकटं १०च हातात येतं. त्यामुळे एकातून काढून दुसऱ्यात घालणाऱ्या कोडमध्ये हा घोळ हमखास होतो. उपाय दोन टप्प्यांचा: आधी सगळ्या जोड्या एकट्या १० मध्ये बदला, मग सगळे १० ‘एन्व्हायर्नमेंट.न्यूलाइन’मध्ये बदला. थेट दुसरा टप्पा केलात तर आधीच्या जोड्यांमध्ये १३ दोनदा येतो.

आडवा स्क्रोलबार न दिसण्याचं कारण जवळजवळ नेहमी ‘वर्डरॅप’ असतं. ती मुळात खरी असते आणि ती खरी असेपर्यंत ‘स्क्रोलबार्स’ला ‘बोथ’ दिलं तरी आडवा बार येत नाही. ‘मॅक्सलेंग्थ’ मुळात ३२,७६७ असते. कोडमधून त्याहून लांब मजकूर बिनतक्रार भरला जातो, पण वापरणाऱ्याला पुढे एकही अक्षर टाइप करता येत नाही, कारण ही मर्यादा फक्त टाइप आणि पेस्ट करण्यावर लागू होते. मोठ्या मजकुराच्या खिडकीत ती शून्य ठेवा.

लॉगची खिडकी: तळाशी राहत नाही, आणि तासाभराने रांगायला लागते

या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकाच ओळीत असतं: टेक्स्ट प्रॉपर्टीला += करून नवी ओळ जोडणं. डॉट नेटमधली स्ट्रिंग बदलता येत नाही, त्यामुळे दर वेळी जुना सगळा मजकूर खिडकीकडून वाचला जातो, नवी स्ट्रिंग तयार होते आणि ती पूर्ण परत भरली जाते. मजकूर दुप्पट झाला की प्रत्येक ओळ जोडायचा वेळही दुप्पट होतो. शिवाय टेक्स्ट नव्याने भरलं की कॅरेट शून्यावर जातो आणि खिडकी वरच्या टोकाला येते.

त्याऐवजी ‘अपेंडटेक्स्ट’ वापरा. ती कॅरेट शेवटी नेऊन तिथेच मजकूर घालते आणि टेक्स्टबॉक्स आपोआप खाली सरकतो. रिचटेक्स्टबॉक्समध्ये मात्र एक मेख आहे. त्याची ‘हाइडसिलेक्शन’ मुळात खरी असते आणि फोकस दुसरीकडे असेल तर तो खाली सरकत नाही. ती खोटी केली की काम होतं. चाचणी करताना डेव्हलपर त्याच खिडकीत क्लिक करून बघत असतो, म्हणून त्याच्याकडे सगळं नीट चालतं आणि ग्राहकाकडे अडतं.

फॉर्म उघडतानाच जुना लॉग भरून तळाशी जायचं असेल तर ते ‘लोड’ इव्हेंटमध्ये करू नका, ‘शोन’मध्ये करा. तिथे ‘सिलेक्शनस्टार्ट’ला ‘टेक्स्टलेंग्थ’ द्या आणि मग ‘स्क्रोलटूकॅरेट’ बोलवा. लोडच्या वेळी फॉर्म दिसत नसतो. त्याच कारणाने लोडमध्ये दिलेला फोकसही लागत नाही, तिथे ‘ॲक्टिव्हकंट्रोल’ ठरवून द्यावा लागतो.

आता वेगाचं. सेकंदाला शेकडो ओळी येत असतील तर अपेंडटेक्स्टही पुरत नाही, कारण प्रत्येक ओळीमागे पुन्हा चित्र काढलं जातं. टिकणारी मांडणी अशी:

१. मागच्या थ्रेडने, म्हणजे पडद्यामागे समांतर चालणाऱ्या कामाने, ओळ थेट कंट्रोलला देऊ नये, ‘कॉन्करंटक्यू’ या अनेक थ्रेडना चालणाऱ्या रांगेत टाकावी.

२. फॉर्मवर विंडोज फॉर्म्सचाच टायमर ठेवा, १०० ते २०० मिलिसेकंदांचा. डोळ्याला याहून जलद बदल उपयोगाचा नसतो.

३. टायमरच्या प्रत्येक ठोक्याला रांगेतल्या सगळ्या ओळी ‘स्ट्रिंगबिल्डर’मध्ये जमवा आणि अपेंडटेक्स्ट एकदाच बोलवा.

४. दाखवलेल्या ओळींची आपली वेगळी यादी ठेवा, शेवटच्या २,००० ओळींची. खिडकीत त्याहून ५०० जास्त झाल्या की यादीतून टेक्स्ट एकदाच नव्याने भरा आणि कॅरेट शेवटी न्या. प्रत्येक ओळीला वरची एक ओळ काढत बसलात तर += चाच खर्च मागच्या दाराने परत येतो.

५. लूपमध्ये ‘लाइन्स’ प्रॉपर्टी वापरू नका. ती वाचली की दर वेळी पूर्ण मजकूर तोडून नवा ॲरे बनतो.

पूर्ण लॉग हवा असेल तर तो फाइलमध्ये लिहा. लाखभर ओळी पडद्यावरच मागेपुढे करून बघायच्या असतील तर टेक्स्टबॉक्स हे त्याचं ठिकाण नाही. लिस्टव्ह्यू ‘व्हर्च्युअलमोड’मध्ये चालवा, ‘व्हर्च्युअललिस्टसाइझ’ला ओळींची संख्या द्या आणि ‘रिट्रीव्हव्हर्च्युअलआयटम’मध्ये मागितलेली तेवढीच ओळ पुरवा.

वापरणारा वर जाऊन जुनी ओळ वाचतोय आणि दर सेकंदाला लॉग त्याला खाली खेचतोय, हा त्रास खरा आहे. अपेंडटेक्स्टमुळे त्याने कॉपीसाठी निवडलेला मजकूरही सुटतो. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे ‘शेवटच्या ओळीवर राहा’ असा चेकबॉक्स: तो काढला की टायमरने रांग साठू द्यायची, खिडकीला हात लावायचा नाही. तरीही आपोआपच हवं असेल तर ‘वर्डरॅप’ बंद करा, ओळ जोडण्याआधी खिडकीला २०६ क्रमांकाचा संदेश (विंडोजमध्ये खिडक्यांना असे क्रमांकाचे हुकूम देता येतात) पाठवून सगळ्यात वर दिसणारी ओळ कितवी ते विचारून ठेवा, जोडून झाल्यावर पुन्हा विचारा आणि जितका फरक पडला तितक्या ओळी १८२ क्रमांकाच्या संदेशाने मागे न्या. वर्डरॅप चालू असेल तर हे आकडे पडद्यावर मोडलेल्या ओळींचे येतात आणि तुमच्या यादीशी जुळत नाहीत. ‘गेटकॅरइंडेक्सफ्रॉमपोझिशन’ने तळ ओळखायचा मोह होतो, टेक्स्टबॉक्समध्ये ती मेथड ६५,५३५ अक्षरांपुढे चुकीचं उत्तर देते, कारण उत्तर १६ बिटांतच येतं. लहान चाचणीत हे कधीच सापडत नाही.

दुसऱ्या थ्रेडवरून लिहिताना

‘क्रॉस थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ ही सूचना डीबगर जोडलेला असताना येते. नुसती इएक्सई चालवली तर ही तपासणी मुळात बंद असते. म्हणजे ऑफिसात एरर, ग्राहकाकडे एरर नाही, पण अधूनमधून खिडकी गोठते. सूचना जावी म्हणून ‘चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स’ खोटी करणं म्हणजे तीच गोठणारी खिडकी स्वतःच्या मशीनवर आणणं.

‘इनव्होकरिक्वायर्ड’ तपासूनही बिघाड राहतो तेव्हा हँडल पाहा. हँडल तयार झालेलं नसेल तर इनव्होकरिक्वायर्ड ‘खोटं’ असं उत्तर देते, भले तुम्ही दुसऱ्या थ्रेडवर असा. मग कोड बिनधास्त पुढे जातो आणि खिडकी चुकीच्या थ्रेडवर जन्म घेते, जिथे तिचे संदेश वाचायला कुणीच नाही. म्हणून मागचं काम कन्स्ट्रक्टरमध्ये सुरू करू नका, ‘शोन’मध्ये करा. बंद करताना उलट क्रम: ‘फॉर्मक्लोजिंग’मध्ये रद्द करायचं टोकन द्या, काम थांबल्याची खात्री करा, मगच फॉर्म जाऊ द्या. पण त्या खात्रीसाठी मुख्य थ्रेडवर ‘वेट’ किंवा ‘रिझल्ट’ वापरू नका. मागचा थ्रेड ‘इनव्होक’ करून मुख्य थ्रेडची वाट पाहत असेल तर दोघंही एकमेकांसाठी ताटकळत राहतात. पहिल्यांदा बंद करणं रद्द करा, ‘अवेट’ने काम संपू द्या आणि मग फॉर्म स्वतःच बंद करा.

टाइप करताना कॅरेट पळतो, आणि मराठी नावांचे तुकडे होतात

‘टेक्स्टचेंज्ड’मध्ये त्याच बॉक्सचं टेक्स्ट बदललं, उदाहरणार्थ मोकळ्या जागा काढल्या किंवा स्वल्पविराम घातले, की कॅरेट शून्यावर जातो आणि पुढचं अक्षर सुरुवातीला उमटतं. टाइप केलेलं उलटं दिसतं ते यामुळे. बदल करण्याआधी ‘सिलेक्शनस्टार्ट’ जपून ठेवा, बदल झाल्यावर लांबीत पडलेला फरक धरून ती परत लावा, आणि खरोखर फरक असेल तरच टेक्स्ट भरा. नुसतं इंग्रजी कॅपिटल हवं असेल तर ‘कॅरॅक्टरकेसिंग’ ही प्रॉपर्टी आहेच. पैशाच्या रकान्यात स्वल्पविराम टाइप करतानाच घालण्याचा आग्रह सोडलेला बरा. रकान्यातून बाहेर पडताना घाला, वापरणाऱ्यालाही तेच सोयीचं जातं.

मराठी वापरणाऱ्यांसाठी प्रोग्राम असेल तर पुढचे दोन सापळे जरूर तपासा. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं चालावीत म्हणून ‘कीप्रेस’मध्ये ‘कॅर.इजलेटर’ची चाळणी लावली जाते. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त यांची गणना अक्षरांत नाही, खुणांत होते. इजलेटर त्यांना ‘खोटं’ म्हणते. मग ‘सीता’ टाइप केलं की ‘सत’ उमटतं आणि ‘प्रिया’चं ‘परय’ होतं. चाळणीत दोन्ही प्रकारच्या खुणांना, जोडाक्षर सांधणाऱ्या अदृश्य चिन्हांना आणि ‘इजकंट्रोल’ला वाट ठेवा. शेवटची विसरलात तर बॅकस्पेसही चालत नाही, कारण तोही ८ क्रमांकाचं अक्षर म्हणून याच वाटेने येतो. उजव्या क्लिकने केलेलं पेस्ट मात्र कीप्रेसला टाळून आत येतं, तेव्हा खरी तपासणी बाहेर पडताना ‘व्हॅलिडेटिंग’मध्येच हवी.

दुसरा सापळा आकड्यांचा. ‘कॅर.इजडिजिट’ ५ आणि इंग्रजी कळफलकावरचा पाच दोन्हींना आकडा मानते, पण ‘इंट.पार्स’ देवनागरी आकडा वाचत नाही, फॉरमॅट एक्सेप्शन फेकते. इन्स्क्रिप्टवर टाइप करणाऱ्याने ‘२५०’ लिहिलं की चाळणी पास आणि पुढे क्रॅश. वाचण्याआधी प्रत्येक आकडा ‘कॅर.गेटन्यूमरिकव्हॅल्यू’ने बदलून घ्या आणि पार्सऐवजी ‘ट्रायपार्स’ वापरा.

मॅक्सलेंग्थही अक्षरं मोजत नाही, साठवणीचे १६ बिटांचे घटक मोजते. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना चार अक्षरी नाव आहे, घटक दहा. इंग्रजीच्या हिशेबाने २० ठेवलेला रकाना ‘ज्ञानेश्वर’ आणि एक मोकळी जागा एवढ्यातच ११ खर्च करतो, आडनावाला उरतात ९. पूर्ण नावासाठी १०० ठेवा. डेटाबेसमध्ये कॉलम एनव्हारकॅर असेल तर तिथला आकडाही याच घटकांचा असतो, दोन्ही सारखे ठेवा.

स्क्रोल होणारं पॅनेल

‘ऑटोस्क्रोल’ खरी केली तरी बार येत नसेल तर आतल्या कंट्रोलचे ‘डॉक’ आणि ‘अँकर’ पाहा. ‘फिल’ डॉक केलेला किंवा तळाशी अँकर केलेला कंट्रोल पॅनेलच्या मापानेच लहानमोठा होतो, त्यामुळे तो बाहेर जात नाही आणि स्क्रोल करायला काही उरत नाही. उभ्या स्क्रोलच्या पॅनेलमध्ये अँकर वर आणि डावीकडे ठेवा. टेबललेआउटपॅनेलमध्ये उभा बार आला की आडवाही विनाकारण येतो, कारण उभ्या बाराने रुंदी खाल्लेली असते. उजवीकडच्या ‘पॅडिंग’ला ‘सिस्टिमइन्फर्मेशन.व्हर्टिकलस्क्रोलबारविड्थ’ एवढी जागा दिली की तो जातो.

कोडमधून ओळी वाढवताना मधेच मोठी रिकामी जागा पडते, याचा हिशेब नीट समजून घ्या. समजा प्रत्येक ओळ ३२ पिक्सेल उंच आहे आणि ४० ओळी भरल्या आहेत. नवी ओळ १,२८० वर यायला हवी. वापरणारा ३०० पिक्सेल खाली आलेला आहे. कंट्रोलची ‘लोकेशन’ मोजली जाते ती आत्ता दिसणाऱ्या भागाच्या वरच्या कडेपासून, म्हणून बरोबर जागा ९८० आहे. १,२८० दिलंत तर ३०० पिक्सेलची पोकळी राहते. ‘ऑटोस्क्रोलपोझिशन’ वाचली की या क्षणी उणे ३०० मिळते, ती सरळ १,२८० मध्ये मिळवायची. पण हीच प्रॉपर्टी लिहिताना अधिक आकडा मागते. वाचलेली उणे किंमत तशीच परत लिहिली की पॅनेल वरच्या टोकाला जातं. ‘रिफ्रेश केल्यावर स्क्रोल वर जातो’ या तक्रारीमागे बहुधा हेच चिन्ह असतं. जागा जपायची असेल तर चिन्ह उलटवून लिहा, आणि ‘व्हर्टिकलस्क्रोल.व्हॅल्यू’पेक्षा हीच प्रॉपर्टी वापरा. त्या व्हॅल्यूने बार आणि मजकूर कधीकधी एकमेकांशी जुळत नाहीत.

दुसऱ्या प्रोग्रामकडे जाऊन परत आलं की पॅनेल उडी मारतं, ही पुढची तक्रार. पॅनेल चालू कंट्रोल दिसता ठेवायला धडपडतं, आणि तो कंट्रोल पॅनेलहूनही उंच असेल तर त्याचं वरचं टोक पुढे आणतं. पॅनेलवरून नवा क्लास काढा आणि ‘स्क्रोलटूकंट्रोल’ ओव्हरराइड करा. मात्र सरसकट ‘डिस्प्लेरेक्टँगल.लोकेशन’ परत देऊ नका. तसं केलं तर टॅब दाबून पुढच्या रकान्यात जाताना पॅनेल सरकत नाही आणि ‘स्क्रोलकंट्रोलइनटूव्ह्यू’सुद्धा निकामी होते, कारण ती आतून हीच मेथड बोलवते. कंट्रोल पॅनेलहून उंच असेल तेवढ्यापुरती सध्याची जागा परत द्या, बाकी सगळ्यांसाठी मूळ मेथड चालू द्या.

ओळी नव्याने भरण्यासाठी ‘कंट्रोल्स.क्लिअर’ बोलवणं फार घातक आहे. ती कंट्रोल पॅनेलवरून काढते, पण त्यांच्या खिडक्या नष्ट करत नाही. विंडोज एका प्रोसेसला मुळात १०,००० यूजर हँडल देतं. ३०० ओळी, प्रत्येकी ५ कंट्रोल, म्हणजे एका भरणीला १,५००. सातव्या भरणीला ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’ येऊन प्रोग्राम पडतो. तपासायला टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ टॅबमध्ये ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ हा कॉलम चालू करा आणि रिफ्रेश दाबत राहा. आकडा वाढतच गेला तर गळती पक्की. लूप शेवटून सुरुवातीकडे चालवून प्रत्येक कंट्रोलला ‘डिस्पोज’ करा. शेवटून अशासाठी की डिस्पोज केलेला कंट्रोल यादीतूनही निघतो आणि पुढून चाललात तर एकाआड एक सुटतात. खूप ओळी एकदम घालताना ‘सस्पेंडलेआउट’ आणि ‘रिझ्यूमलेआउट’ लावा. त्याने मांडणीचा हिशेब थांबतो. चित्र काढणं थांबत नाही, तेही थांबवायचं असेल तर पॅनेलला ११ क्रमांकाचा संदेश शून्य किमतीसह पाठवा, काम झाल्यावर एक किमतीसह पाठवून ‘रिफ्रेश’ करा.

आणि एक पक्की भिंत आहे: ३२,७६७ पिक्सेलपलीकडे कंट्रोल नीट बसत नाहीत. ३२ पिक्सेलच्या ओळी हजाराच्या आसपास गेल्या की खालच्या ओळी एकमेकांवर चढतात. इतक्या ओळी लागणार हे आधीच दिसत असेल तर सुरुवातच डेटाग्रिडव्ह्यूने करा.

माउसच्या चाकाचा धोका वेगळाच, आणि तो पैशांचा आहे. वापरणाऱ्याने कॉम्बोबॉक्समधून जीएसटीचा दर निवडला, मग खाली जायला चाक फिरवलं. फोकस अजून कॉम्बोवरच आहे, म्हणून फॉर्म सरकत नाही, ५ टक्क्यांचा १८ टक्के होतो आणि बिल तसंच छापलं जातं. अशा प्रत्येक कॉम्बोबॉक्स आणि न्यूमरिकअपडाउनच्या ‘माउसव्हील’ इव्हेंटमध्ये आलेला ऑब्जेक्ट ‘हँडल्डमाउसइव्हेंटआर्ग्स’ म्हणून घ्या आणि त्याची ‘हँडल्ड’ खरी करा. त्याने पॅनेलही सरकणार नाही, म्हणून तिथेच पॅनेलची जागा हलवा: सध्याच्या वाय किमतीचं चिन्ह उलटवा आणि त्यातून ‘डेल्टा’ वजा करा. चाकाच्या एका खाचेचा डेल्टा १२० असतो. यादी उघडलेली असताना मात्र चाक चालू द्या, ‘ड्रॉप्डडाउन’ तपासून.

फॉर्म: सेव्ह, व्हॅलिडेशन, बंद करणं

‘शेवटचा रकाना सेव्ह होत नाही’ ही तक्रार आली तर सेव्हचं बटण कुठे आहे ते पाहा. टूलस्ट्रिपवरचं बटण दाबल्याने फोकस हलत नाही. फोकस हलला नाही म्हणून ‘लीव्ह’ आणि ‘व्हॅलिडेटिंग’ होत नाहीत, आणि डेटा बाइंडिंग (रकाना आणि मूळ ऑब्जेक्ट यांची जोडणी) मुळात व्हॅलिडेशनच्या वेळीच किंमत पुढे पाठवतं. सेव्हच्या कोडमध्ये आधी फॉर्मची ‘व्हॅलिडेट’ बोलवा, ती खरी आली तर बाइंडिंगसोर्सची ‘एंडएडिट’, आणि मगच डेटाबेस. टॅबकंट्रोल असेल तर आणखी एक: जो टॅब वापरणाऱ्याने एकदाही उघडला नाही त्यावरचं बाइंडिंग सुरूच झालेलं नसतं, त्यातल्या किमती कंट्रोलमधून वाचू नका, मूळ ऑब्जेक्टमधून वाचा.

रकान्यात चूक असताना वापरणारा तिथेच कोंडला जातो, ‘रद्द’ बटणसुद्धा दाबता येत नाही. त्या बटणाची ‘कॉझेसव्हॅलिडेशन’ खोटी करा. साध्या ‘शो’ने उघडलेला फॉर्म कोपऱ्यातल्या फुलीनेही बंद होत नसेल तर ‘फॉर्मक्लोजिंग’मध्ये ‘कॅन्सल’ खोटी करा, कारण व्हॅलिडेशन फसल्यामुळे ती तुमच्या इव्हेंटपर्यंत खरी होऊनच येते. पण कोंडण्याची पद्धतच नको असं आमचं मत आहे. फॉर्मची ‘ऑटोव्हॅलिडेट’ ‘इनेबलअलाउफोकसचेंज’ ठेवा, चूक ‘एररप्रोव्हायडर’ने दाखवा आणि सेव्हच्या वेळी ‘व्हॅलिडेटचिल्ड्रन’ने सगळं एकदम तपासा. बिलाच्या मध्यावर ग्राहकाचा नंबर मिळाला नाही तर कारकुनाला पुढचे रकाने भरता आले पाहिजेत. चूक दुरुस्त झाल्यावर एररप्रोव्हायडरला रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नका, लाल खूण आपणहून जात नाही.

डायलॉगमधल्या सेव्ह बटणाला डिझायनरमध्ये ‘डायलॉगरिझल्ट’ ओके दिलेला असेल तर क्लिकमधली तपासणी फसली तरी फॉर्म बंद होतो. तपासणी फसल्यावर त्याच ठिकाणी फॉर्मची ‘डायलॉगरिझल्ट’ ‘नन’ करा. ‘शोडायलॉग’ने उघडलेला फॉर्म बंद केल्यावर नुसता लपतो, डिस्पोज होत नाही, म्हणून तो ‘युजिंग’मध्ये उघडा आणि किमती त्या ब्लॉकच्या आतच वाचून घ्या. ‘शो’ने उघडलेला बंद केल्यावर डिस्पोज होतो आणि तोच पुन्हा दाखवायला गेलं की ‘ऑब्जेक्टडिस्पोज्डएक्सेप्शन’ येतं. तो पुन्हापुन्हा लागणार असेल तर फॉर्मक्लोजिंगमध्ये कारण ‘यूजरक्लोजिंग’ आहे का बघा, असेल तरच बंद करणं रद्द करून ‘हाइड’ करा. कारण न बघता रद्द केलंत तर विंडोज शटडाउन होताना तुमचाच प्रोग्राम आडवा येतो.

मल्टीलाइन टेक्स्टबॉक्समध्ये एंटर दाबल्यावर नवी ओळ न येता फॉर्म सेव्ह होत असेल, तर फॉर्मला ‘ॲक्सेप्टबटन’ दिलेलं आहे. टेक्स्टबॉक्सची ‘ॲक्सेप्ट्सरिटर्न’ खरी करा. आणि फॉर्म उघडताच पहिला बॉक्स निळा निवडलेला दिसत असेल तर ‘शोन’मध्ये त्याची ‘सिलेक्शनलेंग्थ’ शून्य करा.

दुसऱ्या मशीनवर अक्षरं कापली जातात

१०० टक्के स्केलिंगवर बनवलेला फॉर्म १२५ किंवा १५० टक्क्यांच्या लॅपटॉपवर विस्कटतो. ‘ऑटोस्केलमोड’ ‘फॉन्ट’ ठेवा आणि तो फॉर्मवर व प्रत्येक यूजरकंट्रोलवर सारखाच ठेवा, अर्धे फॉन्टवर आणि अर्धे डीपीआयवर असले की मापं दोनदा वाढतात. जुना प्रोजेक्ट डॉट नेट फ्रेमवर्कवरून नव्या डॉट नेटवर नेल्यावर सगळे फॉर्म फुगलेले दिसले तर त्याचं कारण मुळातला फॉन्ट आहे: डॉट नेट कोअर ३.० पासून तो मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ ८.२५ ऐवजी सेगो यूआय ९ झाला. डॉट नेट ६ पासून ‘ॲप्लिकेशन.सेटडिफॉल्टफॉन्ट’ एका ओळीत जुना फॉन्ट परत देतं.

एका ओळीच्या टेक्स्टबॉक्सची उंची फॉन्टवरून ठरते. सेगो यूआयमध्ये देवनागरी नाही, विंडोज ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून आणतं, पण उंची सेगोच्या मापाचीच राहते. मग रफार आणि वेलांटी वरून घासते, उकार खालून कापला जातो. मराठी येणाऱ्या रकान्यांना थेट निर्मला यूआय द्या, विंडोज ८ पासून तो असतोच. लेबलची ‘ऑटोसाइझ’ खरी ठेवा. मग १५० टक्क्यांवर फॉर्म उघडून ‘कुर्ल्यातील श्रीकृष्ण मूर्ती’ असं काहीतरी, ज्यात वर रफार आणि खाली ऊकार दोन्ही आहेत, प्रत्येक रकान्यात टाइप करून पाहा.